सरला एकदाचा

९ जानेवारी

ती. ताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची आपल्या घरातली सवय. पण साष्टांग घालायचा तर पोटावर पालथं पडावं लागतं आणि माझ्या पोटाला पट्टा आहे. तेव्हा उभ्यानंच नमस्कार. वाकलो आहे असं समज.

तुझं पत्र मिळालं. "येतोस का?" हा प्रश्न तू अकरा वर्षांत नवव्यांदा विचारलास. मी काही मोजत बसत नाही, पण तुझी पत्रं वर्षावर्षाची एकत्र शिवून ठेवतो, त्यामुळे डोळ्यांपुढे येतं. यायचं मनात आहेच गं. पण सध्या वाचनालयाचं काम अंगावर आहे. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं आणि चारशे पुस्तकं विटा होऊन माझ्या दारात आली. पानाला पान चिकटलंय. वाफेवर धरायचं, हाडाची पट्टी आत सरकवायची आणि एकेक पान सोडवायचं. दिवसाला एक पुस्तक झालं तरी पुष्कळ. हे हातावेगळं झालं की बघू.

तब्येत ठणठणीत आहे. काळजी करू नकोस.

परवा काम करता करता बाइंडिंगच्या कारखान्यातला पहिला दिवस आठवला. मी सतरा वर्षांचा, मॅट्रिकला आपटलेला. तू मला हाताला धरून मास्तरांपुढे उभं केलंस आणि म्हणालीस, "याला काही येत नाही, पण हात स्वच्छ आहेत." मास्तर म्हणाले, "आठवडाभरात होतील घाण." आठवडा कसला, त्याच संध्याकाळी मी घरी येऊन दाराच्या कडीला, तुझ्या वहीला आणि बाबांच्या चष्म्याला हात लावला आणि सगळ्याला खळ फासली. तेव्हा तू चिकट्या हे नाव ठेवलंस, ते आजतागायत. त्या गल्लीत सकाळी खळ शिजायची, तिचा वास मला अजून येतो. आता बाटलीतला गोंद मिळतो. काम चांगलं होतं, पण त्याला वासच नाही. वासाशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

एक विचारू? तुझ्या ओळी अलीकडे उताराला लागल्यात. शेवटच्या पानावर तर दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. घाईत लिहितेस का?

तुझा
चिकट्या


२४ जानेवारी

चि. चिकट्या,

आशीर्वाद आहेतच. ते काही पत्रागणिक नव्यानं पाठवायला नकोत.

तुझी थाप पोचली. मागच्या वेळी कोर्टाची दप्तरं होती, त्याआधी शाळेचे नकाशे होते, आता पुस्तकं बुडाली. मी येण्याचा विषय काढला की तुझ्या गावात कुणाच्या ना कुणाच्या तळघरात पाणी शिरतं. आणि "ठणठणीत" म्हणे! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले रे मी. "ठणठणीत" हा शब्द माणूस कधी वापरतो ते मला विचार. म्हणूनच तू फोन टाळतोस आणि पत्रं लिहितोस. कागदाला आवाज नसतो ना.

तुझ्या पत्रातली खळ वाचून मला तुझे फर्मे आठवले. खराब छापलेले कागद तू कारखान्यातून घरी आणायचास. सोळा पानांचा एक फर्मा. पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस. कुठल्या पुस्तकाचा, देव जाणे. मी जिन्यात बसून मोठ्यानं वाचायची आणि तू शेजारी बटाटे सोलायचास. तेहतिसाव्या पानावर एक बाई रडत असायची, ती का रडतेय ते आपल्याला कधी कळलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या पानावर एक माणूस दार उघडायचा आणि फर्मा संपायचा. मग दाराबाहेर कोण ते आपण ठरवायचो. तू दर वेळी कुत्रा ठेवायचास. मी म्हणायची, अरे, इतकं रडून शेवटी कुत्रा? तू म्हणायचास, कुत्राच. आई खालून ओरडायची की बटाटे आज शिजणार आहेत का. ते दिवस गेले आणि तसं फुकटचं सुख पुन्हा मिळालं नाही.

ओळींचं म्हणशील तर पेन बेकार आहे.

आता नीट वाच. यंदा मार्च संपायच्या आत ये. का ते विचारू नकोस. आणि आणखी एक, जे अकरा वर्षं माझ्या घशाशी आहे. तुझ्या तिसऱ्या ऑपरेशनला मी आठव्याच दिवशी निघून गेले. तू अजून पेजेवर होतास. त्याचा राग धरून बसलायस का? असशील तर भांड माझ्याशी. तू भांडत नाहीस तेव्हा मला जास्त भीती वाटते.

ताई


६ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

हे पत्र मी ह्यांना चोरून लिहितेय. शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून लिहितेय, म्हणून अक्षर मुलांच्या वह्या तपासल्यासारखं येईल.

तुमचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ह्यांचं पोट पुन्हा अडकलं. दुपारी जेवून उठले आणि बेंबीपाशी कळा सुरू झाल्या. मग उलट्या. पोट फुगून पट्ट्याबाहेर आलं. हॉस्पिटलमध्ये नेलं, नाकातून नळी घातली, तोंडानं सगळं बंद, सलाइन. सर्जन म्हणाले, थांबून बघू, आपोआप सुटलं तर बरं. तिसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं. काल घरी आणलं. चार किलो वजन उतरलंय.

वन्सं, तिसऱ्या ऑपरेशननंतरची ही सातवी खेप. तुम्हाला एकही माहीत नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी ह्यांनी मला शपथ घातलीय. का, ते मला अकरा वर्षांत समजलेलं नाही. विचारलं की भिंतीकडे तोंड करतात.

पुस्तकांचं खोटं नाही, चारशे पुस्तकं खरंच घरात आहेत, चालायला जागा नाही. पण ती नसती तरी हे आले नसते. तुमच्याकडे यायचं म्हणजे सोळा तास. वाटेत अडकलं तर कुठल्या गावच्या कुठल्या डॉक्टरला ह्यांच्या पोटाची कुंडली सांगायची? म्हणून हे हॉस्पिटलपासून तासाभराच्या पलीकडे कुठे जात नाहीत. माझ्या भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा घरून मऊ भात खाऊन निघाले आणि मांडवात पाहुण्यांना आग्रह करत फिरले, म्हणजे स्वतः जेवले नाहीत हे कुणाच्या लक्षात येऊ नये. साल, बिया, धागेवाली भाजी, काही चालत नाही. संत्र्याच्या फोडी सोलून, वरचा पापुद्रा काढून मी देते, त्याही तोंडात धरून बसतात. मुलांनी वेळेवर डबा संपवला नाही की मी वर्गात रागावते आणि घरी ह्यांना म्हणते, सावकाश, सावकाश.

माझं नाव सांगू नका. सांगितलंत तरी हरकत नाही.

तुमची वहिनी


१३ फेब्रुवारी

चिकट्या,

तुला आज आशीर्वाद नाहीत.

सात वेळा! आणि मला ठणठणीत? वहिनीवर चिडू नकोस, तिनं अकरा वर्षं तोंड शिवून ठेवलं हेच खूप झालं. मी काल दिवसभर तुझी जुनी पत्रं काढून बसले. म्हणजे ज्या पत्रात "जरा सर्दी झाली होती" असं आहे, तेव्हा नाकात नळी होती. आणि हे गेले तेव्हा तू आला नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं की त्याचं पोट नाजूक आहे, त्याला झेपणार नाही. वरून सांगितलं आणि आतून तुला शिव्या घातल्या. मनात म्हटलं, स्वतःच्या भावजींसाठी एवढं जमलं नाही याला. तेव्हाही तू हॉस्पिटलातच होतास का रे? खरं सांग.

तू लपवलंस, मीही लपवलं. आता फिटंफाट करून टाकते. पेन चांगलं आहे. डोळे बेकार झालेत. उजव्या डोळ्याच्या मधोमध दोन वर्षांपासून डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, भिंत, खिडकी, दाराचा पडदा. मधलं तेवढं पुसलेलं. माणूस समोर आला की त्याचे खांदे दिसतात, शर्ट दिसतो, चेहरा नाही. डाव्या डोळ्यातही ते डिसेंबरात सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं देऊ, पण उन्हाळ्यानंतर चेहरे ओळखू येतील याची खात्री नाही. वाचन तर गेल्यातच जमा आहे. हे पत्र भिंगाखाली धरून लिहितेय, एका पानाला सकाळ जाते.

म्हणून मार्च म्हणत होते. या डोळ्यांनी मला एकटीला तुझ्याकडे येता येत नाही. मला तुला बघायचंय. फोटो नको. फोटोत तू पोट आत घेऊन उभा राहतोस आणि दुसराच कुणीतरी दिसतोस.

एवढा त्रास आहे तर ऑपरेशन करून एकदाचा मोकळा का होत नाहीस? सगळं सोडवून घे आणि ये. आणि माझ्यापासून का लपवलंस, ते लिही. आधी तेच लिही.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं पत्र वाचून मी बायकोकडे पाहिलं. ती गॅसची शेगडी पुसायला लागली. इतकी स्वच्छ शेगडी आमच्याकडे कधी नव्हती. चिडलो नाही. बरंच वाटलं.

भावजींच्या वेळी मी हॉस्पिटलातच होतो. चौथी खेप होती ती. निरोप आला तेव्हा तोंडानं पाणीही बंद होतं. मी नळी काढा म्हणून भांडलो, त्यांनी काढली नाही. भावजींनी मला सायकल शिकवली होती. त्यांच्या जाण्याला मी नव्हतो हे मला अजून सहन होत नाही. तू मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मी घेतल्या असं समज.

तुझ्या डोळ्यांबद्दल तीनदा लिहून खोडलं. जिन्यात बसून मोठ्यानं वाचणारी तूच ना.

ऑपरेशनचं म्हणशील तर माझ्या धंद्यातलं सांगतो, म्हणजे समजेल. भिजून चिकटलेलं पान सोडवलं की त्याची वरची साय निघते आणि आतली लव उघडी पडते. त्याला जरा दमट हवा लागली की ते आधीपेक्षा लवकर चिकटतं, आणि शेजारच्या पानालाही धरतं. मास्तर पुस्तक उघडून विचारायचे, "वाचता येतंय ना? मग हात लावू नकोस." पोटातही तसंच होतं. एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स फुटलं, पोट उघडलं म्हणून मी वाचलो. पण त्या उघडण्यानंच आतडी आत एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटली. आठ वर्षांनी एका ठिकाणी दोरीसारखा पापुद्रा आवळला गेला, तो कापायला पुन्हा उघडलं. त्यानंतर तेवीस वर्षं बरी गेली, हेही खरं. मग पन्नाशीत तिसरं. तेव्हा आतड्याचा दीड फूट तुकडा काळा पडला होता, तो काढूनच टाकला.

दर वेळी जीव वाचला, म्हणून सर्जनला नावं ठेवत नाही. पण दर वेळी काही ना काही ठेवून यावं लागलं. दुसऱ्यानंतर मोठ्या छापखान्यात फोरमनची जागा चालून आली होती, आठवतं? तिथं गठ्ठे उचलायचे होते, मी नाही म्हणालो. लोकांना वाटलं, मला गर्व झाला. तिसऱ्यानंतर टाके होते तिथली भिंत सैल पडली, हर्निया झाला, म्हणून हा पट्टा. पुस्तकं दाबायच्या मोठ्या शिकंज्याचं चाक फिरवता येत नाही. आतडं कापलं म्हणून महिन्याला एक जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. भरपूर जेवलोय असं मला अकरा वर्षांत वाटलेलं नाही. पैसे गेले त्याचं काही नाही गं. हातातलं एकेक सुटत गेलं, त्याचं वाटतं. सर्जन म्हणतात, चौथ्यांदा उघडलं तर पुढे अडकायची शक्यता थोडी कमी होईल, पण जाणार नाही. आणि इतक्या चिकटलेल्या पोटात शिरताना चांगलं आतडंही फाटू शकतं.

आता तुझा खरा प्रश्न. हे लिहायला मला लाज वाटते. राग मला कधीच आला नाही. तिसऱ्या ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी दुपारी मी नुकताच जागा होऊन डोळे मिटून पडलो होतो. तुला वाटलं झोपलोय. तू बाहेर व्हरांड्यात भावजींशी फोनवर बोलत होतीस. मला स्पष्ट ऐकू आलं. तू म्हणालीस, "सुटले हो मी. सरला एकदाचा. आता येते घरी." आणि तू हसलीस.

तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तीन ऑपरेशनं, तीन वेळा रजा, तीन वेळा माझ्या उशाशी बसून तू पाठ मोडून घेतलीस. माणसाला त्रास सरला असं वाटणारच. पण तो त्रास मी होतो. त्या दिवशी ठरवलं की पुन्हा तुला या कामाला बोलवायचं नाही. दोन दिवसांनी तू गेलीस. त्यानंतर जे जे झालं ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही.

तुझा
चिकट्या


२८ फेब्रुवारी

अरे गाढवा!

वारा! वारा सरला म्हणत होते मी, वारा!

आधी मी तासभर हसले आणि मग त्याहून जास्त वेळ रडले. कामाला येणारी बाई घाबरून शेजारणीला बोलवायला गेली. अरे, पाच दिवस तुझं पोट तट्ट फुगलेलं. सर्जन रोज सकाळी येऊन एकच विचारायचे, "वारा सरला का?" नसला सरला की मान हलवून पुढे. सिस्टर तेच विचारायच्या. झाडणारी बाई तेच विचारायची. आतडं चालू झाल्याची ती एकच खूण, आणि ती झाल्याशिवाय तुला पाण्याचा थेंब नाही. हे घरून दिवसाला चार फोन करायचे, "सरला का?" मी म्हणायची, "नाही हो." पाच दिवस मी तुझ्या खाटेपाशी कान लावून बसले होते. बत्तीस वर्षं कान लावायचीच नोकरी केली, पण अशी वाट कुठल्या आवाजाची पाहिली नव्हती. सहाव्या दिवशी दुपारी तू झोपेत असताना तो असा काही सरला की शेजारच्या खाटेवरचे हेडमास्तर उठून बसले आणि मला म्हणाले, "अभिनंदन." मी धावत फोनकडे गेले. सुटले म्हणजे काळजीतून सुटले रे. हसणार नाही तर काय करणार? माझा भाऊ जगला होता.

आणि तू त्यात "त्रास" घातलास. अकरा वर्षं एका शब्दावर काढलीस. मला विचारायचं तरी! मी जोरात बोलते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. उरलेलं अर्धं वाक्यही ऐकवलं असतं.

आठव्या दिवशी गेले त्याचं कारणही घे. हे न्हाणीघरात पडले होते. तिथून त्यांचं ते शेवटचं दुखणं सुरू झालं. तू टाक्यांत होतास, म्हणून सांगितलं नाही. आपण दोघं एकमेकांना जपायला गेलो आणि सगळा घोळ करून ठेवला.

तू त्रास कधीच नव्हतास. तुझ्या उशाशी बसायचे ते दिवस मला आवडायचे, हे सांगायला बरं दिसत नाही, पण खरं आहे. घर नाही, स्वयंपाक नाही, एक्स्चेंजच्या बोर्डावरचे दिवे नाहीत. नुसतं तुझ्यापाशी बसायचं. लग्न झाल्यावर तेवढाच तू माझ्या वाट्याला आलास.

आता मी माझा हट्ट मागे घेते. येऊ नकोस. ऑपरेशनही नको, प्रवासही नको. तू कसा दिसतोस ते मला पाठ आहे.

ताई


१० मार्च

ती. ताई,

वारा.

आठवडाभर मी हा शब्द घेऊन बसलोय. पान सोडवताना एकदम हसू फुटतं आणि पान फाटतं. बायको म्हणते, तुमची बहीण बरोबर बोलते, तुम्ही गाढवच. त्या हेडमास्तरांनी नंतर मला रोज "काय, कसं काय?" असं डोळे मिचकावून का विचारलं, ते आज कळलं. हसून झालं की मग मात्र गेलेली वर्षं आठवतात. अकरा वर्षं गं ताई. भावजी गेल्यावर तू एकटी होतीस आणि मी इकडे शहाणपणा करत बसलो होतो.

"येऊ नकोस" हे तुझं वाचलं आणि तसाच उठून सर्जनकडे गेलो. म्हटलं, "डॉक्टर, पोट उघडून सगळं सोडवून द्या. मला सोळा तासांचा प्रवास करायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "काका, आज काय खाल्लंत?"

"मऊ भात. उकडलेला बटाटा."

"पचलं?"

"पचलं."

"मग चालत्या आतड्याला मी कात्री का लावू? अडकून बसलं, नाइलाज झाला, तर लावीन. प्रवासाला जायचंय म्हणून कुणी पोट उघडत नाही."

"पण वाटेत अडकलं तर?"

ते म्हणाले, "घरी बसून अडकायचं राहिलंय का? अकरा वर्षांत सात वेळा अडकलं, सातही वेळा तुम्ही घरीच होतात ना?"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी इतकी वर्षं पोटाची राखण करत दारात बसलो, आणि पोटाला त्याचं काही नाही. त्यांनी माझी सगळी हकीकत एका पानावर लिहून दिली. कुठलं ऑपरेशन कधी, काय कापलं, काय नाही. स्कॅनची फिल्मही दिली. म्हणाले, हे कुठल्याही सर्जनला दाखवा, त्याला वाचता येईल. तुझ्या गावात मोठं हॉस्पिटल कुठे आहे तेही त्यांनी शोधून दिलं.

मी ते पान जाड कागदाला डकवलं, दुमडून कापडी कडा लावली, खिशात मावेल असं केलं. आयुष्यात स्वतःसाठी बांधलेलं पहिलं पुस्तक, एका पानाचं.

आम्ही दोघं १८ ला निघतोय. १९ ला सकाळी तुझ्या स्टेशनवर. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या डोळ्यांना उन्हाळ्याची मुदत आहे आणि माझ्या पोटाला कुठलीच नाही. मग कोणासाठी थांबू?

तुझा
चिकट्या


१९ मार्च, सकाळी साडेअकरा

चिकट्या,

मी वॉर्डाबाहेर बाकावर बसलेय. स्टेशनवर तुला घ्यायला आले होते. गाडी थांबली, माणसं उतरली, सगळी मला मधून पुसलेली. प्रत्येकाचे खांदे बघत होते, कुठले तुझे. तेवढ्यात वहिनीचा फोन आला की तुम्ही मागच्या फाटकानं थेट इकडे आलात. पहाटेपासून कळा येत होत्या म्हणे. मला आधी का नाही कळवलं, हे विचारत नाही. आता ती सवय सोडून देऊ.

आत एकाच माणसाला सोडतात. वहिनी बाहेर आली की मी येते.

ताई


१९ मार्च, दुपारी एक

ताई,

बायको तुला हे वाचून दाखवेल. झोपून लिहितोय, तिला अक्षर लागलं नाही तर ती अंदाजानं वाचेल.

इथला सर्जन तरुण आहे. माझं पान त्यानं उभ्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "एवढं नीट कुणी आणत नाही." यावेळी थांबण्यासारखं नाही म्हणाला. आतड्याच्या एका वेढ्याला रक्त कमी पोचतंय. चार वाजता आत नेणार. चौथं. मी सही केली. विचारलं, आणखी किती कापाल? म्हणाला, उघडल्याशिवाय सांगता येत नाही. त्याचं खरं बोलणं आवडलं.

तू आत येऊ नकोस. हे मी नीट विचार करून लिहितोय. नाकात नळी आहे, तोंड सुजलंय, तीन दिवसांची दाढी आहे, आणि घामानं केस चिकटलेत. एवढ्या वर्षांनी, उरलेल्या नजरेत, तुझ्यापाशी राहणारा मी असा नको. ऑपरेशन होऊ दे. नळी निघू दे. दाढी करतो, चांगला शर्ट घालतो, मग ये. आठ दिवस थांब. मी आलोय ना, आता कुठे जात नाही.

चिकट्या


१९ मार्च, दुपारी सव्वादोन

चिकट्या,

वहिनीनं वाचून दाखवलं. दाढीपाशी तिला रडू आलं, मला नाही. तीन वेळा मी तुला नळीसकट पाहिलंय. शर्ट घालून तू मला फारसा आठवतच नाहीस. आठ दिवस कुणी कुणाला लिहून दिलेत? मी सिस्टरशी बोलले, तिनं दहा मिनिटं दिली आहेत. वहिनी बाकावर बसतेय आणि मी तुझ्या सहीची वाट न बघता आत येतेय.

फक्त एक सांगून ठेवते, कारण आता आणखी अकरा वर्षं घालवायला आपल्याकडे नाहीत. मी सरळ तुझ्याकडे पाहिलं तर तू त्या डागात पुसला जातोस. मला कडेनं दिसतं. म्हणून तुझ्यापाशी बसून मी खिडकीकडे बघेन. तोंड फिरवलं असं मनात आणू नकोस. मी खिडकीकडे बघत असेन ना, तेव्हा मी तुलाच बघत असेन.

ताई